पिल्लांची सटवाई

सर सकाळी आंघोळ करत, लिंगपूजा करत, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढत आणि मग हातात स्टीलचा चमचा घेऊन कोंबडीच्या मागे जाऊन बसत. उदगीरला त्यांच्या माडीवरच्या खोलीत मी राहायला गेले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी खिडकीतून हे पाहिलं आणि वाटलं, आपली झोप अजून गेलेली नाही. खाली शेवग्याच्या झाडाखाली कोवळं ऊन. उन्हात एक पाट. पाटावर पांढरंशुभ्र धोतर नेसलेला, सत्तरी ओलांडलेला माणूस, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी असलेली एक तांबडी, जाडजूड, म्हातारी कोंबडी. दोघांनाही कसली घाई नव्हती.

"सर, काही हरवलंय का?" मी वरून विचारलं.

"हरवलं न्हाई. यायचंय," मान वर न करता ते म्हणाले.

काय यायचंय ते मला पुढे कळलं. कोंबडीची विष्ठा दोन तऱ्हेची असते. एक नेहमीची, पांढऱ्या टोपीची. दुसरी दिवसातून मोजक्याच वेळा येते, चॉकलेटी, चिकट आणि वासाला भयंकर. ही दुसरी आतड्याच्या शेवटी असलेल्या दोन बंद पिशव्यांमधून येते आणि कोंबडीच्या पोटातली सगळी वस्ती त्या पिशव्यांत नांदते. सर त्या दुसरीची वाट पाहत बसत. आली की चमच्यात अलगद उचलत आणि देवाघरचा प्रसाद न्यावा तसा चमचा दोन्ही हातांनी धरून आत नेत. मग पुन्हा आंघोळ.

सर पशुवैद्यकाच्या कॉलेजातून निवृत्त झालेले. उभी हयात कोंबडीच्या आतड्यात गेली, पण घर पक्कं लिंगायत. अंडं तर सोडाच, लातूरहून त्यांच्या मुलाने वाढदिवसाला केक आणला तर "ह्याच्यात काय काय हाय?" असं विचारून तो त्यांनी गल्लीत वाटून टाकला. मी एकदा न राहवून विचारलं, "सर, खात नाही तर यांच्यात एवढं काय बघता?"

"खात न्हाई म्हणून तर नीट दिसतंय," ते म्हणाले. "खाणाऱ्याची नजर तंगडीवर. आतड्याकडं कोण बघतंय?"

त्यांचा मायक्रोस्कोप बैठकीत खिडकीशी असे. त्याच्यावर बायकोच्या खणाच्या चोळीतून शिवलेलं झाकण. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी आलेल्या प्रत्येकाला, मग तो गॅसवाला असो की वीजबिलवाला, सर आधी मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगत. "आधी बघा, मग च्या." लोक बघत, आत काहीतरी वळवळताना दिसे, आणि नंतर चहा नको म्हणत. सरांना याचं खरोखर आश्चर्य वाटे. त्यांना तिथे जंगल दिसत असे. सुरुवातीला मलाही काही दिसलं नाही, पण एका दुपारी त्यांनी पिल्लाच्या आतड्याचा तुकडा काचेवर लावून दाखवला. आतून ती सगळी मखमल होती. लव वाऱ्यावर झोपावी तशी एका अंगाला झोपलेली. मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे. चहा गार झाला होता.

"ही लव जितकी उंच तितकं अंगी लागतंय," सर म्हणाले. "आणि उंच कोण करतंय? आत राहणारे. चांगले राहणारे मिळाले की मखमल, वाईट मिळाले की टक्कल."

अंगणात पाचसहा कोंबड्या होत्या आणि सगळ्या म्हाताऱ्या. अंडी द्यायच्या कधीच थांबलेल्या. सर त्या विकत नसत, कापू देत नसत. गल्ली त्या अंगणाला वृद्धाश्रम म्हणत असे. त्यांना नावं होती: गौरव्वा, शिवव्वा, बसव्वा, आणि त्या तांबडीचं नाव नागव्वा. सर जगात कुणालाही एकेरी बोलत नसत. मला, दूधवाल्याला, स्वतःच्या मुलाला आणि कोंबड्यांनाही अहोजाहो. "नागव्वा, तुम्ही आज ज्वारी टाकली हो," असं त्यांचं सकाळी चालत असे. कोंबड्यांना बोलवायचं मात्र कानडीत. "बा, बा" म्हटलं की सगळ्या डुलत डुलत येत. सीमेवरच्या गावात कोंबड्यांनाही दोन भाषा येतात, असं ते अभिमानाने सांगत.

आता माझं सांगते, कारण त्यावाचून सरांचं पुढचं सांगता यायचं नाही. मी नांदेडची. वडलांचं कापडाचं दुकान. मी कृषी कॉलेज केलं, कुक्कुटपालनाचा कोर्स केला आणि उदगीरजवळच्या एका महिला गटाचं मदर युनिट चालवायला घेतलं. मदर युनिट म्हणजे मशीनमध्ये उबवलेली एक दिवसाची पिल्लं आणायची, महिनाभर शेडमध्ये बल्बच्या उबेला सांभाळायची आणि धडधाकट झाली की खेड्यापाड्यातल्या बायकांना परसात पाळायला द्यायची. वडील म्हणाले होते, "एक वर्ष. जमलं तर तिथं ऱ्हा. न्हाई जमलं तर मुकाट्यानं परत यायचं, दुकानात बसायचं आणि आम्ही बघू त्या ठिकाणी लग्न करायचं." मी हो म्हटलं होतं. मोठ्या ऐटीत म्हटलं होतं.

आणि पिल्लं टिकेनात. पहिल्या खेपेला वाटलं, थंडीमुळे. दुसऱ्या खेपेला थंडी नव्हती. चारपाच दिवस झाले की पिल्लं पंख पाडून उभी राहायची, पातळ हगायची, मागची पिसं चिकटून जायची. सकाळी शेडचं दार उघडायला हात उचलत नसे. वर्ष अर्ध्याहून जास्त सरलं होतं. मला नांदेडच्या दुकानातला गल्ल्यामागचा तो उंच स्टूल स्वप्नात दिसू लागला.

एका सकाळी चमच्याचं काम आटोपल्यावर सर म्हणाले, "चला, तुमचं शेड बघू."

शेड मी आरशासारखं ठेवलं होतं. फरशी फिनेलने पुसलेली, भिंतींना चुना, भाताचं तूस नवंकोरं. आमच्याकडे कामाला असलेल्या महानंदाबाई दारातच प्रत्येकाचे पाय औषधाच्या पाण्यात बुडवून घेत. सरांनी पाय बुडवले, आत आले, नाक वर करून दीर्घ श्वास घेतला. बल्बचा पिवळा उजेड, पिल्लांना उबेशी ठेवायला पत्र्याने आखलेली वर्तुळं मोकळी, कुठे आवाज नाही. दोन खेपांच्या मध्ये शेड असंच रिकामं असतं.

"पाटीवर मदर लिहिलंय," ते म्हणाले. "आई कुठं हाय?"

महानंदाबाईंना वाटलं सर माझ्या आईची चौकशी करताहेत. त्या म्हणाल्या, "त्यांची आई नांदेडला असती की."

सर हसले नाहीत. तुसाच्या पोत्यावर बसले आणि बोलू लागले. मशीनमधलं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचं पोट कोऱ्या पाटीसारखं असतं. कोंबडीखाली फुटलेलं पिल्लू बाहेर येतं ते आईच्या पिसांत, आईच्या घाणीत. टोचतं, चाखतं, आणि आईच्या पोटातली वस्ती पहिल्याच दिवशी त्याच्या पोटात मुक्कामाला येते. मशीनच्या पिल्लाला कोण भेटतं? पत्र्याचा ट्रे. खोका. टेम्पोवाल्याचे हात.

"आपल्यात पाचवीला सटवाई येती आन् कपाळावर लिहून जाती," सर म्हणाले. "पिल्लाची सटवाई एवढी थांबत न्हाई. पहिल्या दिवशी येती आन् आतड्यावर लिहिती. आन् तुम्ही तिला दारातच फिनेल दाखवून राहिलात."

महानंदाबाईंनी नकळत हात जोडले. मला मात्र राग आला होता. एवढं घासूनपुसून ठेवलं त्याचं हे फळ, असं वाटलं. मी म्हटलं, "मग काय घाण ठेवू?"

 दुसऱ्या दिवशी मला घेऊन सर एसटी स्टँडवर गेले.

आम्ही उसाच्या रसाच्या गाड्याशी उभे राहिलो. बराच वेळ काही झालं नाही. एक कुत्रं उन्हात झोपलं होतं, माहूरला निघालेल्या बायकांचा घोळका परड्या सांभाळत बसला होता, आणि ध्वनिक्षेपकातून कुणीतरी न कळणारं काही सांगत होतं. सर डोळे अर्धवट मिटून उभे होते. मला वाटलं विसरले. तेवढ्यात निलंग्याची गाडी फलाटाला लागली, रिकामी, नुकतीच धुतलेली. गाडी थांबायच्या आत माणसं खिडक्यांवर तुटून पडली. कुणी रुमाल टाकला, कुणी टॉवेल, कुणी पिशवी. एकाने तर टोपी फेकली. दारातून नीट रांगेने चढलेले एक म्हातारे गुरुजी आत गेले आणि दांडीला धरून उभे राहिले, कारण प्रत्येक सीटवर काही ना काही पडलेलं होतं.

"बघितलं?" सर म्हणाले. "गाडी म्हणजे पिल्लू. धुतली, ते बरं केलं. पण रिकामी ठेवून उपयोग न्हाई. कुणीतरी रुमाल टाकणारच. दांडगे आधी टाकतात. एकदा बसले की निलंग्यापर्यंत उठत न्हाईत. म्हणून चांगल्यांना आधी बसवायचं."

गाडी सुटली. गुरुजी खिडकीतून दिसले, दांडीला लोंबकळत. सरांनी त्यांना नमस्कार केला. त्या गुरुजींना काही कळलं नसणार, पण त्यांनीही हात वर केला.

बेत असा ठरला. नागव्वाच्या चमच्यातलं ते द्रव्य कोमट ताकात कालवायचं, पिल्लं आल्याबरोबर प्रत्येकाची चोच त्यात एकदा बुडवायची. नाहीतरी पहिल्या दिवशी आम्ही गूळपाण्यात चोच बुडवतोच, म्हणजे पिल्लाला पाणी कळतं. सर स्वप्नाळू होते पण वेडे नव्हते. त्यांनी सगळ्या कोंबड्यांचे नमुने आधी आपल्या जुन्या विद्यार्थ्याकडून तपासून आणले. बाकीच्यांच्या पोटात एखाददुसरा वाईट पाहुणा सापडला. एकटी नागव्वा स्वच्छ निघाली. "होतंच मला माहीत," सर म्हणाले आणि तिला मूठभर जास्तीची ज्वारी टाकली.

तिसरी खेप आली. आम्ही ताक घेऊन शेडवर पोचलो, तर महानंदाबाई दारात उभ्या, चेहरा उजळलेला. पिल्लं लवकर आली होती आणि त्यांनी आमची वाट न बघता सगळं आटोपून घेतलं होतं. मागच्या दोन्ही वेळा मेलेली पिल्लं त्यांनीच आपल्या हाताने पुरली होती. ह्या वेळी धोका नको म्हणून त्यांनी जुलाब थांबवायच्या औषधाची पावडर, नेहमीच्या दुप्पट, प्रत्येक भांड्यात घातली होती. पिल्लं पोटभर प्यायली होती.

"एक बी मरू देणार न्हाई बगा सर," त्या म्हणाल्या.

 त्या पावडरीने पोटातले वाईट जंतू मरतात तसे चांगलेही मरतात. आता ताक देणं म्हणजे मोरीत ओतणं. सरांनी ताकाचं भांडं भिंतीशी ठेवलं. महानंदाबाईंना ते म्हणाले, "तुम्ही मायेनं केलं. माया पण वेळेवर लागती," आणि बाहेर जाऊन शेडमागच्या उसाच्या फडाच्या कडेला उभे राहिले. त्या खेपेतली निम्मी पिल्लं गेली. महानंदाबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. मी नांदेडला फोन केला. वडील म्हणाले, "अजून एक खेप बसती का वर्षात?" बसत होती. शेवटची.

त्या शेवटच्या खेपेच्या सकाळी नागव्वाने काहीच दिलं नाही.

सर अंधुक होतं तेव्हापासून पाटावर बसले होते. मी पायरीवर. ऊन शेवग्यातून उतरून अंगणात आलं, पार्‍यासारखं सरकत तुळशीपर्यंत गेलं. नागव्वा उन्हात बसली, पंख पसरून धुळीत लोळली, डोळ्यावर पांढरा पडदा ओढून डुलक्या घेऊ लागली. पिल्लांचा टेम्पो निघाल्याचा फोन येऊन गेला. मी त्या कोंबडीच्या मागच्या भागाकडे अशी टक लावून बघत होते की जणू माझं अख्खं आयुष्य तिथून बाहेर पडणार होतं. आजही ते आठवून हसू येतं, पण तेव्हा रडू येत होतं, आणि मी रडलेही.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग चमचा पाटावर ठेवला, आत गेले, बायकोचं जुनं इरकल लुगडं घेऊन आले. नागव्वाला त्यात गुंडाळली आणि म्हणाले, "चमच्यानं कशाला? सटवाईलाच नेऊ."

ऑटोत सर मागे बसले, मांडीवर इरकलात नागव्वा, फक्त तुरा बाहेर. ऑटोवाल्याने आरशातून दोनदा पाहिलं. शेडवर खोके उतरले होते. महानंदाबाई या वेळी औषधाच्या कपाटाला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचून उभ्या होत्या. आम्ही पिल्लं बल्बखालच्या वर्तुळात सोडली. पिवळा, किलबिलणारा लोट जमिनीवर पसरला.

भीती एकच होती. कधी पिल्लं न पाहिलेली म्हातारी कोंबडी परक्या पिल्लांना टोचून मारू शकते. सरांनी दिवे थोडे कमी केले, वर्तुळाच्या मधोमध तुसावर मांडी घातली, धोतराची पर्वा न करता, आणि लुगडं सोडलं. नागव्वा ताठ उभी राहिली. मान वाकडी करून तिने एका पिल्लाकडे पाहिलं. पिल्लू तिच्या पायाशी गेलं. तिने चोच खाली नेली. मी महानंदाबाईंचा हात घट्ट धरला.

"अव्वा," सर अगदी हळू म्हणाले, कानडीत आईला हाक मारावी तसं. "तू बस."

इतक्या दिवसांत त्यांनी कुणाला तू म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

नागव्वाच्या गळ्यातून एक आवाज आला, खोल, घोगरा, कुणीतरी झोपेत गुणगुणावं तसा. ती खाली बसली आणि तिने पंख जरा वर उचलले. पहिलं पिल्लू आत गेलं. मग दुसरं. मग इतकी की ती जमिनीपासून उचलली गेल्यासारखी दिसू लागली. जी आत मावली नाहीत ती पाठीवर चढली, सरांच्या मांडीत शिरली. पिल्लं तिच्या पायाशी टोचत होती, तिची पिसं चाखत होती, आणि काही वेळाने जे सकाळपासून आलं नव्हतं ते आलं, चॉकलेटी, भयंकर वासाचं, नव्याकोऱ्या तुसावर. कुणीच नाक दाबलं नाही. शेडभर किलबिल मऊ होत गेली आणि मग जवळजवळ थांबली. त्या अर्ध्या उजेडात सर डोळे मिटून बसले होते. त्यांच्या धोतरात पिल्लं झोपली होती.

"माझी आई मला बघायला राहिली न्हाई," डोळे न उघडताच ते म्हणाले. "जन्मलो आन् ती गेली. गल्लीतल्या बायकांनी पाजलं. ज्या घरी नेलं त्या घरचं. गौरव्वा, शिवव्वा, बसव्वा. नागव्वाच्या पदराखाली जास्त. तिचं स्वतःचं लेकरू वारलं होतं. लोक म्हणायचे, ह्याला पचणार न्हाई. पचलं."

महानंदाबाई पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या.  अंगणातल्या त्या म्हाताऱ्यांना सर का विकत नव्हते ते मला त्या दिवशी कळलं, आणि ते त्यांनी गल्लीला कधी का सांगितलं नाही तेही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या वर्तुळातलं तूस मुठीमुठीने बाकीच्या वर्तुळांत टाकलं. पाचवा दिवस आला आणि गेला. पिल्लं पायावर उभी होती, पळत होती, एकमेकांच्या तोंडातलं हिसकावत होती. महानंदाबाई रोज पिल्लू उलटं करून त्याचं बूड बघत आणि "कोरडं हाय" असं सांगत. आजवर एवढी आनंदाची बातमी मला कुणी दिलेली नाही.

महिना संपताना वडील नांदेडहून आले. मला न्यायलाच आले होते. मोठी बॅग बरोबर होती. आम्ही शेडवर गेलो तर सर नागव्वाला भेटायला आलेले, तुसात बसलेले. वडील दारातच उभे राहिले. मग त्यांनी चपला काढल्या, पॅन्ट दुमडली, पाय औषधाच्या पाण्यात बुडवले आणि आत जाऊन सरांशेजारी बसले. दोघे काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. परत जाताना बॅग तशीच रिकामी गेली. "तुझ्या सरांचं डोकं ठिकाणावर न्हाई," वडील एसटीत चढता चढता म्हणाले. "त्यांना सोडून जाऊ नको."

मी गेले नाही. नागव्वा पुढच्या दोनतीन खेपांची आई झाली आणि एका उन्हाळ्यात शेवग्याखाली शांतपणे गेली. तोवर तिची गरज राहिली नव्हती. आम्ही जुन्या धडधाकट खेपेचं तूस तपासून घेतो आणि त्यातली मूठ नव्या खेपेत टाकतो. त्या खेपेची मूठ पुढच्या खेपेत. आसपासच्या कितीतरी परसांत आज ज्या कोंबड्या फिरतात, त्यांच्या पोटात नागव्वाची वस्ती आहे. हे मी पिल्लं न्यायला आलेल्या बायकांना सांगते तेव्हा त्या माझ्याकडे, गल्ली सरांकडे बघायची तसं बघतात.

सर गेल्या वर्षी गेले. त्यांच्यात बसवून माती देतात. शेतात खड्डा घेतला होता, त्यात सरांना मांडी घालून बसवलं, पांढरं धोतर, कपाळावर विभूती. अगदी पाटावर बसत तसेच दिसत होते, काहीतरी यायचंय आणि घाई नाही असे. लोक बेल टाकत होते, भस्म टाकत होते. महानंदाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी कमरेची पिशवी सोडली. तिच्यात शेडमधलं मूठभर तूस होतं. सरांचा मुलगा दचकून म्हणाला, "बाई, हे काय? हे घाण आहे."

"आईचं हाय," महानंदाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी ती मूठ सरांच्या मांडीत ठेवली.